संघटनेचा पत्ता

मुंबई-ठाण्यातील ग्राहकाने मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवून मागविलेली वस्तू पुष्कळदा भिवंडीच्या गोदामातून निघते. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या गावांच्या शिवारांत उभ्या राहिलेल्या गोदामांनी यंत्रमागांच्या या जुन्या शहराला इंटरनेटवरील व्यापाराचे कोठार बनविले आहे. परंतु अवघ्या महानगराच्या घरोघरचे पत्ते ज्या शहराला ठाऊक, त्याच शहरातील विद्यार्थी संघटनेचा पत्ता मात्र गरजू विद्यार्थ्याला सहजासहजी सापडत नाही. धामणकर नाक्यावर क्षणभर थांबून पाहावे. बी. एन. एन. महाविद्यालय याच परिसरात आहे आणि मुलामुलींचे थवे दिवसभर येथून ये-जा करीत असतात. महाराष्ट्रातील कोणत्याही नाक्यावर लागतात तसे वाढदिवसाचे, नियुक्तीचे आणि अभिनंदनाचे फलक येथेही लागतात. त्यांवर नेत्यांच्या तसबिरी असतात आणि खाली शुभेच्छुकांची नावे असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज अडला तर कोणाला भेटावे, हे तेवढे त्यांवर नसते. अशाच फलकाचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले की संघटना ‘ऑनलाइन’ झाली, अशी समजूत आज रूढ झाली आहे. ही समजूत विद्यार्थ्यांच्या हिताची नाही.

एका खेपेची किंमत

या शहरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा संबंध मुंबई विद्यापीठाशी येतो आणि विद्यापीठाचे मुख्य संकुल सांताक्रूझजवळ कलिना येथे आहे. भिवंडी रोड स्थानक दिवा-वसई मार्गावर असल्यामुळे मुंबईला जाण्यासाठी आधी ठाणे किंवा कल्याण गाठावे लागते. एका चौकशीत दिवस जातो. आणि ज्या घराची चूल मागाच्या पाळीवर पेटते, त्या घरच्या मुलाचा एक दिवस म्हणजे अनेकदा एका दिवसाची मजुरी असते. प्रवेश, परीक्षेचे अर्ज, निकाल, ‘महाडीबीटी’वरील शिष्यवृत्ती, हे सर्व व्यवहार आता संगणकावर होतात. खेप वाचावी हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात अर्ज कोणत्या कागदावाचून परत आला आणि तो कागद कोठे मिळतो, हे समजून घेण्यासाठी विद्यार्थ्याला पुन्हा कोणाच्या तरी दारी उभे राहावे लागते.

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची संपूर्ण माफी देण्याचा निर्णय काढला. असा निर्णय निघणे आणि तो पद्मानगरच्या किंवा निजामपुऱ्याच्या एखाद्या खोलीत राहणाऱ्या मुलीपर्यंत तिला समजेल अशा शब्दांत पोहोचणे, यांत मोठे अंतर असते. ते अंतर तोडणे हेच विद्यार्थी संघटनेचे काम होय. संध्याकाळी नाक्यावर किंवा कार्यालयात जाऊन चौकशी करण्याची मोकळीक मुलाला असते, तेवढी मुलीला बहुधा नसते. तिच्या दृष्टीने हातातील मोबाइल हेच संघटनेचे एकमेव उघडे दार असू शकते.

२०१७ चा अनुभव तर सर्वांनाच आठवत असेल. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने स्वीकारली, निकाल महिनोन् महिने रखडले, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या काळात कोणत्या परीक्षेचा निकाल लागला, पुनर्मूल्यांकनाचे काय होणार, पुढील प्रवेशाची मुदत वाढली की नाही, याविषयी एकाच दिवशी चार प्रकारच्या वार्ता कानी येत. संघटनांनी आंदोलने केली आणि ती आवश्यकच होती. पण रोजच्या रोज तारखेनिशी खरी माहिती मांडणारी जागा जिच्यापाशी असते, तिच्या घोषणेला पुराव्याचे बळ लाभते. तसे नसेल तर उरतो तो केवळ आवाज.

जुने उदाहरण

विद्यार्थ्यांनी स्वतःचे प्रकाशन उभारावे, ही कल्पना या महाराष्ट्रात नवी नाही. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी साहित्य व शास्त्र यांना वाहिलेली विद्यार्थ्यांची एक सभा स्थापन केली. तिच्या मराठी शाखेने, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेने, १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू केले. त्या काळी छापखाना हे आजच्या इंटरनेटइतकेच नवलाईचे साधन होते. त्या तरुणांनी ते साधन देशभाषांत ज्ञान पोहोचविण्यासाठी वापरले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १८४९ मध्ये याच सभेने मुलींच्या शाळा उघडल्या आणि सभासदांनी स्वतः तेथे शिकविले. मासिकाला जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्यामागे ही शाळा उभी होती.

पुढे महाविद्यालयांच्या भिंतींवर हस्तलिखित भित्तिपत्रके आली, वार्षिक नियतकालिके आली. भित्तिपत्रकावर संपादकाचे नाव असे आणि मजकूर चुकला तर कोणाला जाब विचारावा हे वाचकाला कळे. आजच्या समाजमाध्यमांवरील मजकुरात नेमके हेच हरवले आहे. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, अजून खरा आहे की नाही, याचा थांग लागत नाही.

प्रतिनिधित्वाचा पुरावा

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचारामुळे महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका थांबल्या आणि गुणांच्या आधारे नेमलेल्या प्रतिनिधींचे मंडळ आले. २००६ मध्ये लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारल्या. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांच्या आत असावा आणि छापील प्रचारपत्रके वापरू नयेत, असे त्यांत म्हटले होते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने निवडणुकांचा मार्ग पुन्हा मोकळा केला, पण २०१९ मध्ये होऊ घातलेल्या निवडणुका लांबणीवर पडल्या. परिणाम असा की, विद्यार्थ्यांच्या पिढ्यामागून पिढ्या मत न देताच पदवीधर झाल्या. मतपेटी नसल्यामुळे प्रत्येक संघटना ‘आम्हीच विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी’ असा दावा करू शकते आणि तो खरा की खोटा, हे ठरविण्याचे साधन विद्यार्थ्यापाशी उरत नाही.

अशा स्थितीत संघटनेने आपले काम उघड्यावर मांडणे, हाच प्रतिनिधित्वाचा एकमेव पुरावा ठरतो. सभासद किती, वर्गणी किती जमली, ती कशावर खर्ची पडली, किती तक्रारी आल्या, त्यांतील किती सुटल्या आणि न सुटलेल्या कोठे अडल्या, एवढ्या सहा गोष्टी दरमहा कोणालाही वाचता येतील अशा ठिकाणी लिहिल्या तर नाक्यावरील दहा फलकांची गरज उरणार नाही. त्या फलकांपैकी विनापरवाना लागलेले तर मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्धच्या १९९५ च्या कायद्याने मुळातच निषिद्ध आहेत.

तीन वर्षांची स्मृती

विद्यार्थी संघटनेचा खरा शत्रू विरोधी संघटना नव्हे, काळ हा होय. येथे पिढी तीन वर्षांत बदलते. समाजमाध्यमावरील पान एखादा उत्साही विद्यार्थी आपल्या स्वतःच्या क्रमांकावरून उघडतो, तोच त्याची किल्ली सांभाळतो; तो पदवी घेऊन नोकरीला लागतो आणि पान जिवंत असूनही मुके होते. त्यावर तीन वर्षांपूर्वीच्या मुदतीची सूचना तशीच लटकत राहते आणि नवा विद्यार्थी तिच्यामुळे फसतो. पुढचे पदाधिकारी दुसरे पान उघडतात आणि मागील स्मृती पुसली जाते.

उसन्या जागेचा धोका वेगळाच. एके काळी तरुणांच्या जिभेवर ‘ऑर्कुट’चे नाव होते; २००४ मध्ये सुरू झालेली ती सेवा सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाली. जून २०२० मध्ये भारत सरकारने ‘टिकटॉक’सह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि लाखोंचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. तात्पर्य, समाजमाध्यम हा चौक आहे, तेथे जरूर जावे. पण दप्तर चौकात ठेवू नये. दप्तरासाठी स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ हवे. नावाच्या नोंदणीला येणारा वार्षिक खर्च एखाद्या मोठ्या फलकाच्या खर्चाहून अधिक नसतो. २०१४ पासून तर ‘.भारत’ या देवनागरी अक्षरांतील पत्त्याचीही सोय आहे. त्याच्या किल्ल्या दोन पदाधिकारी आणि एक विश्वासू प्राध्यापक यांच्यापाशी असाव्यात आणि वार्षिक सभेत दप्तराबरोबर त्यांचेही रीतसर हस्तांतर होऊन तशी इतिवृत्तात नोंद व्हावी.

मजकुराचे स्वरूपही विचारात घेतले पाहिजे. सूचनेचे छायाचित्र टाकण्याची सवय सोयीची खरी. परंतु छायाचित्रातील अक्षरे शोधून सहजी सापडत नाहीत, अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनाला त्यांतून बरेचदा काहीच हाती लागत नाही. युनिकोडमध्ये टंकलेला साधा मजकूर या सर्वांना उपयोगी पडतो आणि स्वस्तातल्या मोबाइलवरही उघडतो. भिवंडीत मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगू घरोघरी बोलली जाते. महत्त्वाची सूचना मराठीत पूर्ण आणि अन्य भाषांत निदान सारांशरूपाने देता आली, तर ‘सर्व विद्यार्थ्यांची संघटना’ या शब्दांना अर्थ येईल.

अफवेपुढे उभे राहण्यासाठी

या शहरात खात्रीच्या माहितीचे मोल अन्यत्रांहून अधिक आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भिवंडीचे नाव देशभर झाले. त्यानंतर १९८८ पासून पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने येथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांचे मर्म साधे होते. एकमेकांना ओळखणारी माणसे नियमाने भेटत आणि संशयाच्या वेळी विचारावे कोणाला, हे प्रत्येकाला ठाऊक असे. आज अफवा पायांनी चालत नाही. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरील अफवेने पाच निरपराध भटक्यांचा बळी घेतला. सप्टेंबर २०२० मध्ये धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमध्ये इमारत कोसळून तीन डझनांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा घटकेला रक्त कोठे हवे, मदत कोठे पोहोचवावी, हे नावानिशी सांगणारी आणि चूक झाल्यास ती उघडपणे दुरुस्त करणारी जागा तरुणांपाशी असणे, ही शहराची गरज आहे. असा विश्वास संकटाच्या रात्री निर्माण होत नाही. तो परीक्षेच्या वेळापत्रकासारख्या लहानसहान सूचना वर्षभर अचूक दिल्याने साठतो.

विश्वासाबरोबर मर्यादाही आल्या. मदत मिळालेल्या विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र, जात, उत्पन्न किंवा दूरध्वनी क्रमांक जाहीर करून संघटनेने आपली कीर्ती वाढवू नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला असून अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती त्यात आवश्यक मानली आहे. अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी या वयाचेच असतात. कायदा बाजूला ठेवला तरी, गरजेपोटी आलेल्या मुलीचे छायाचित्र धनादेशासह मिरविणे हा सेवाभाव नव्हे.

पडद्यामागे काय?

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षणीय नाही. पडद्यावरील हजेरीने प्रत्यक्षातील चळवळ मंदावते. बोटाने पसंती दर्शविणारे हजारो असतात, मोर्चाला पन्नासही येत नाहीत. जुन्या कार्यकर्त्यांची ही खंत खरी आहे. परंतु तिचा रोख साधनाकडे असण्यापेक्षा त्यामागील रिकामेपणाकडे असला पाहिजे. ज्या संघटनेपाशी काम नाही, तिचे संकेतस्थळ म्हणजे दुकान नसलेल्या गाळ्यावरची पाटी. ज्या संघटनेपाशी काम आहे, तिला मात्र ही पाटी नाकारण्याचा अधिकार नाही. कारण ती वाचून येणारा पहिला विद्यार्थी कदाचित अर्जाच्या शेवटच्या दिवशी येणार असतो.

यात शिक्षकांचाही वाटा आहे. चार मुलांना शुद्ध मराठीत सूचना लिहावयास शिकविणे, हिशेब मांडावयास लावणे, ‘ही माहिती कोठून मिळाली?’ असे प्रत्येक वेळी विचारणे, हे नागरिकशास्त्राचेच प्रात्यक्षिक आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयातील लिपिकाने मुदतीची सूचना संघटनेला वेळेवर दिली, तर खिडकीपुढची रांगही आखूड होईल.

१८४८ च्या त्या तरुणांचे मासिक आज ग्रंथालयाच्या कपाटात आहे. त्यांनी घालून दिलेला क्रम मात्र अजून जुना झालेला नाही. आधी शाळा, मग मासिक. धामणकर नाक्यावर उतरणाऱ्या एखाद्या मुलीचा अडलेला अर्ज संघटनेने मार्गी लावावा आणि तो कसा मार्गी लागला, हे तिचे नाव न घेता त्याच रात्री लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी तसाच अडलेला दुसरा विद्यार्थी ते वाचेल. त्या क्षणी संघटनेला पत्ता मिळालेला असेल.