वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

विदर्भातील बौद्ध व आदिवासी घरांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. १९५६ साली, नागपुरात धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी या आजारातील हिमोग्लोबिनचा फरक प्रथिनाच्या एका लहानशा तुकड्यात असल्याचे दाखविले. आज जनुकातील ते बदललेले एकच अक्षर थेंबभर रक्तातून वाचता येते. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने तर सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकसंच नोंदविले. आमच्यातील कित्येक घरे मात्र तपासणीचा कागद अजून कपाटात दडवितात. मुलीचे लग्न मोडेल, हे भय. जन्मावरून डाग लागणे म्हणजे काय, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. म्हणून ते भय आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु वाहक रुग्ण नसतो. उलट, एकाच पालकाकडून आलेला हा बदल बालपणी तीव्र मलेरियापासून बऱ्याच अंशी रक्षण करतो. दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के. पत्रिका जुळविणे आम्ही सोडले. रक्ताचे अहवाल ताडून पाहण्यास संकोच कसला? वसतिगृहात प्रवेशाच्या वेळी पालकांच्या संमतीने ही तपासणी व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. निकाल मात्र बंद पाकिटात पालकांच्याच हाती पडावा. हजेरीपटावर त्याची खूणही नको.