देवाणघेवाणीत आपण काय देतो?

गेल्या आठवड्यात जामखेडहून एक फोन आला. पुण्यात बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा. मलेशियातल्या एका विद्यापीठात एका सेमिस्टरसाठी तिची निवड झाली आहे. शिकवणी फी माफ आहे, वसतिगृहाची सोय आहे. तिकीट आणि जेवणखाण आपलं आपण बघायचं. "आपा, अब्बा नाही म्हणत नाहीत, पण होही म्हणत नाहीत," ती म्हणाली. मग अब्बांनीच फोन हातात घेतला. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "मॅडम, पोरीला पुण्याला पाठवली तेव्हाच भावकीनं नावं ठेवली. आता परदेश. चार महिन्यांत असं काय शिकवणार आहेत तिथं, जे इथं मिळत नाही?"

प्रश्न रास्त होता आणि मला फोनवर त्याचं धड उत्तर देता आलं नाही. हे संपादकीय म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर. ते त्या अब्बांसाठी आहे, आणि असाच कागद घरी टेबलावर पडून असलेल्या तुमच्यापैकी प्रत्येकासाठी आहे.

मी स्वतः अशी एक सेमिस्टर केली आहे. २०१७ च्या फेब्रुवारी ते जून, इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात. मी श्रीरामपूरची. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. घरात दखनी, शाळेत मराठी, मदरशात अरबी, अशा तीन भाषांत वाढले. माझ्याही वेळी घरात हेच झालं होतं. चाचांनी विचारलं, "तिथं हिच्याबरोबर कोण?" शेवटी अम्मीनं दोन बांगड्या मोडल्या आणि विषय संपवला.

पहिला धक्का भाषेचा बसला. ज्या घरात मी खोली घेतली होती, तिथल्या मालकीणबाईंना सगळे 'इबू' म्हणत, म्हणजे आई. पाच वेळची नमाज पढणाऱ्या. रमजान जवळ आला तेव्हा त्यांनी विचारलं, तू 'पुआसा' करणार ना? मला वाटलं हा कुठला स्थानिक विधी. कळलं ते असं की रोज्याला तिथं पुआसा म्हणतात आणि तो शब्द आला आहे 'उपवास'वरून. जन्नतला ते 'सुर्गा' म्हणतात, म्हणजे स्वर्ग. गुनाहला 'दोसा', म्हणजे दोष. धर्माला 'आगामा'. राष्ट्रीय विमान कंपनीचं नाव गरुडा. जवळच्या प्रंबानन मंदिराच्या प्रांगणात रामायणाचं नृत्यनाट्य होतं, आणि त्यात नाचणारे बहुतेक कलाकार मुसलमान असतात.

आपल्याकडे एखाद्या मुलीनं रोज्याला 'उपवास' म्हटलं तर घरात टोकतात, आणि शाळेत 'रोजा' म्हटलं तर हसतात. दोन्ही बाजूंनी तिला सांगितलं जातं की तुझा धर्म आणि तुझी भाषा या दोन वेगळ्या खोल्या आहेत. इबूंच्या घरात मला पहिल्यांदा दिसलं की ती एकच खोली असू शकते, आणि तिथे कुणाचा ईमान डळमळीत होत नाही.

दुसरा धक्का कायद्याचा होता. ते दिवस आठवून बघा. ११ ते १८ मे २०१७ या काळात आपल्या सर्वोच्च न्यायालयात तीन तलाकची सुनावणी चालू होती. वर्गातल्या मुली मला विचारत, तुमच्याकडे तलाक कोर्टात होत नाही? त्यांच्याकडे १९७४ च्या विवाह कायद्यापासून तलाक न्यायालयासमोरच होतो. दुसऱ्या लग्नालाही न्यायालयाची परवानगी लागते. धार्मिक न्यायालयांत स्त्रिया न्यायाधीश म्हणून बसतात. त्याच एप्रिलमध्ये चिरेबोन इथं महिला उलेमांची राष्ट्रीय परिषद भरली आणि बालविवाह रोखणं हे कर्तव्य आहे असा फतवा तिनं दिला. पुढे बालविवाहाला बळी पडलेल्या तीन स्त्रियांच्या अर्जावर तिथल्या घटना न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये निकाल दिला, आणि २०१९ मध्ये मुलीच्या लग्नाचं किमान वय १६ वरून १९ झालं. हे कुणी बाहेरून लादलं नव्हतं. त्यांच्याच बायका, त्यांचेच उलेमा, त्यांचीच कोर्टं.

पण इंडोनेशिया म्हणजे स्वर्ग, असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. तिसरी गोष्ट मी शिकले ती सगळ्यात अवघड होती. मे २०१७ मध्येच जकार्ताचे मावळते गव्हर्नर अहोक यांना ईशनिंदेच्या आरोपावरून दोन वर्षांची शिक्षा झाली. ते चिनी वंशाचे ख्रिस्ती. दुसऱ्या दिवशी वर्गात यावर वाद पेटला. कुणी निकालाच्या बाजूनं, कुणी विरुद्ध. आमच्या वर्गात चिनी वंशाची एक मुलगी होती. एरवी बडबडी. त्या दिवशी ती वहीत खाली बघून रेघोट्या मारत बसली होती. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. कॉलेजात दंगलीचा किंवा बॉम्बस्फोटाचा विषय निघाला की मी अशीच वहीत बघायचे.

जन्मापासून मी अल्पसंख्याक होते. त्या चार महिन्यांत मी पहिल्यांदा बहुसंख्याक झाले, आणि गप्प बसलेल्या अल्पसंख्याकाकडे समोरच्या बाजूनं पाहिलं. मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी जाऊन बसावं, एवढंच मला सुचलं. जामखेडच्या अब्बांना मी सांगेन, हे इथं मिळत नाही. पुस्तकात वाचता येतं, पण अंगावर येत नाही.

इथवरची गोष्ट घेण्याची झाली. आता देण्याची सांगते, आणि ती सांगताना मला आजही संकोच वाटतो.

सेमिस्टरच्या शेवटी प्रत्येक परदेशी विद्यार्थ्यानं आपल्या गावाबद्दल वीस मिनिटं बोलायचं होतं. मी ताजमहाल, बिर्याणी आणि मुंबईचे सिनेमे दाखवले. टाळ्या मिळाल्या. मग एका प्राध्यापिकेनं विचारलं, "तुमची भाषा मराठी ना? मराठीत मुसलमानांनी काय लिहिलं आहे?" मी उभीच राहिले. दुसरा प्रश्न आला, "तुमच्याकडे तलाकचा प्रश्न बायकांनी कधी मांडला?" मी म्हटलं, आत्ता, कोर्टात. मला यापलीकडे काही माहीतच नव्हतं.

परत आल्यावर शोधलं. सतराव्या शतकात आमच्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला. मराठी संतपरंपरेत त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं. आणि १८ एप्रिल १९६६ रोजी, इंडोनेशियाच्या त्या कायद्याच्या आठ वर्षं आधी, हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. इबूंच्या देशातल्या मुलींना मी हे सांगू शकले असते. बरोबरीनं बोलू शकले असते. पण मी रिकाम्या हातानं गेले होते, आणि रिकाम्या हातानं जाणारा माणूस एकतर भारावतो, नाहीतर तुच्छ लेखतो. देवाणघेवाण त्याच्याकडून होत नाही.

आपल्या जिल्ह्याचं नाव आता सरकारी कागदावर अहिल्यानगर आहे. बोलताना आपण अजून 'नगर'च म्हणतो. नाव कोणतंही घ्या, इथला भुईकोट किल्ला तोच आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना आझाद यांना अटक करून नेहरू, पटेल आणि इतरांबरोबर याच किल्ल्यात ठेवलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथं लिहिलं, हे शाळेत शिकवतात. आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं इथंच लिहिली, हे फार कमी ठिकाणी सांगतात. १९४३ मध्ये त्यांच्या बेगम कलकत्त्यात वारल्या, तेव्हा ते याच भिंतींच्या आत होते.

हा माणूस तरुणपणी इराक, सीरिया, इजिप्त, तुर्कस्तान फिरून आला होता. स्वातंत्र्यानंतर तो देशाचा पहिला शिक्षणमंत्री झाला आणि १९५० मध्ये त्यानं भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. या परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर आशिया-आफ्रिकेतले विद्यार्थी आजही भारतात शिकायला येतात, पुण्यातही येतात. म्हणजे देशांच्या भिंती ओलांडून विद्यार्थ्यांनी ये-जा करावी, याची सरकारी व्यवस्था उभी करणारा माणूस नगरच्या कोठडीतून गेलेला आहे. आणि त्याच नगरच्या मुलीला आपण विचारतो, बाहेर जाऊन काय मिळणार?

काय मिळतं याचं आणखी एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक माहितीपत्रिका महर्षी कर्व्यांच्या हाती पडली. त्यातून प्रेरणा घेऊन त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. तेच आजचं एसएनडीटी. आशियातून आलेल्या एका पत्रिकेनं एवढं केलं. तिथं चार महिने राहून आलेली मुलगी काय करील?

आता पैशाचं बोलू, कारण अब्बांच्या प्रश्नामागे तोही होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी, करार असलेल्या परदेशी विद्यापीठात मिळवलेले क्रेडिट इथल्या पदवीत धरण्याची वाट मोकळी केली आहे. त्यामुळे वर्ष वाया जाईलच असं नाही. पण कोणते विषय धरले जातील, हे निघण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या. इंडोनेशिया सरकारची 'दर्मासिस्वा' नावाची शिष्यवृत्ती आहे, भाषा आणि कला शिकण्यासाठी. ती १९७४ पासून चालू आहे. अशा संधींचे कागद कॉलेजच्या फलकावर लागतात आणि आपण वाचत नाही. पासपोर्ट तर आजच काढून ठेवा. साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. निवड झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते बरं.

उरतो तिकिटाचा खर्च. इथं सरकारकडून फार आशा नको. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. ज्या शिष्यवृत्त्या आहेत त्या बहुतेक पूर्ण पदवीसाठी. एका सेमिस्टरचं तिकीट कुठल्याच रकान्यात बसत नाही. या बंद झालेल्या योजनांसाठी आपण आवाज उठवलाच पाहिजे. पण तोवर आपली जमात काय करते? मशिदीच्या रंगकामाला वर्गणी निघते, लग्नात हजार माणसांचं जेवण उठतं. दरवर्षी तालुक्यातून एका मुलीचं आणि एका मुलाचं तिकीट काढायचं ठरवलं, तर कुणाच्या अम्मीला बांगड्या मोडाव्या लागणार नाहीत.

आणि ज्यांना जाणं शक्य नाही त्यांनी हळहळत बसू नये. पुण्यात शिकताना माझ्या वसतिगृहात अफगाण आणि येमेनी मुली होत्या. दोन वर्षांत मी त्यांच्याशी चहाच्या रांगेपलीकडे बोलले नाही. आशिया माझ्या शेजारच्या खोलीत राहत होता आणि मी त्याला भेटायला विमानानं गेले.

शनिवारी मी जामखेडला परत फोन केला. जे वर लिहिलं ते सगळं अब्बांना सांगितलं. अहोकची गोष्टही, बांगड्यांचीही. राहण्याची जागा, तिथल्या जबाबदार माणसाचा नंबर, परतीचं तिकीट, क्रेडिटचं पत्र, या चार गोष्टी कॉलेजकडून मागून घ्या, असं म्हटलं. मुलीला एकच काम दिलं. जाण्याआधी एकदा श्रीगोंद्याला जाऊन ये, शेख महंमदांबद्दल वाच आणि आपल्याबद्दल वीस मिनिटं बोलता येईल एवढी तयारी कर. परत आलीस की तिथलं काय घेतलंस, ते या पानांवर लिही.

अब्बा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "श्रीगोंद्याला मीच घेऊन जातो. बाकीचं बघू."

संमतीपत्रावर सही करायची शेवटची तारीख येत्या शुक्रवारी आहे.