ऑगस्टाचं काय घेतलं, काय राहिलं

मास्टर्स स्पर्धा जवळ आली की ऑगस्टा नॅशनलची छायाचित्रं सगळीकडे झळकू लागतात. बहरलेल्या अझेलिया, पांढरीशुभ्र वाळू आणि कुठे पिवळं पातं शोधूनही सापडणार नाही असं गवत. गोल्फ कोर्स म्हटलं की बघणाऱ्यांना हेच चित्र आठवतं, आणि दुर्दैवानं कोर्स बांधून घेणाऱ्यांनाही. ऑगस्टा देखणा आहे, यात वाद नाही. पण ज्या विचारातून तो आखला गेला, तो विचार या छायाचित्रांत दिसत नाही. जगानं उचललं ते चित्र. विचार मागेच राहिला.

हा विचार स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा आहे, सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा. हा कोर्स कुणा एकानं कागदावर काढलेला नाही. वाळूची, उंचसखल, खाऱ्या वाऱ्याची आणि नांगराला नकोशी अशी ती जमीन. गावकरी तिथे शतकानुशतकं खेळत आले आणि खेळता खेळता वाटा पडत गेल्या. 1764 मध्ये तिथले 22 होल कमी करून 18 केले गेले आणि पुढे तोच आकडा सगळ्या जगानं स्वीकारला. जाण्याची आणि येण्याची वाट जवळपास एकच, त्यामुळे बहुतेक ग्रीन जोडीनं वापरले जातात. असे सात जोडग्रीन आहेत आणि प्रत्येक जोडीतल्या होलच्या क्रमांकांची बेरीज 18 येते: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, याप्रमाणे. बंकर आहेत 112, आणि त्यांतले कितीतरी टीवरून दिसतच नाहीत.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ओल्ड कोर्स सपाट आणि ओकाबोका वाटतो. फेअरवे एवढा रुंद की कुठेही मारा. खरी गंमत इथेच सुरू होते. कुठेही मारता येतं, पण प्रत्येक जागेवरून पुढचा फटका सारखा सोपा नसतो. सतरावा होल घ्या, ज्याला रोड होल म्हणतात. टीवरून उजवीकडे, हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून चेंडू घातला तर ग्रीनकडे जायला सगळ्यात चांगला कोन मिळतो. जरा जास्त उजवीकडे गेला तर मात्र चेंडू हद्दीबाहेर. भीतीनं डावीकडे मारलं तर पहिला फटका निभावतो, पण तिरकस, चिंचोळा ग्रीन आणि तुमच्यामध्ये खोल रोड बंकर उभा राहतो. त्याला टाळून लांब मारावं, तर ग्रीनच्या पलीकडे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. म्हणजे पहिल्या फटक्यात टाळलेला धोका दुसऱ्या फटक्यात व्याजासकट समोर येतो. 1978 च्या ओपनमध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा या होलवर दुसऱ्याच फटक्यात ग्रीनवर पोहोचला होता. तिथून त्याचा पट घरंगळत बंकरमध्ये गेला आणि अखेर त्या होलवर नऊ फटके लागले. याउलट 2000 मध्ये टायगर वूड्स इथे आठ फटक्यांच्या फरकानं जिंकला, तेव्हा चारही फेऱ्यांत त्याचा चेंडू एकदाही बंकरमध्ये गेला नव्हता. त्याची ताकद सगळ्यांनी पाहिली. मला त्याहून मोठं वाटतं ते त्यानं कोर्स कसा वाचला ते.

ऑगस्टाचा संस्थापक बॉबी जोन्स 1921 मध्ये याच कोर्सवर पहिल्यांदा ओपन खेळला. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलवर इतका हैराण झाला की स्पर्धाच सोडून दिली. पण कोर्सनं त्याला पछाडलं होतं. 1927 ची ओपन तो इथेच जिंकला, 1930 ची ब्रिटिश अमॅच्युअरही इथेच. निवृत्तीनंतर जॉर्जियातली एक जुनी रोपवाटिका घेऊन त्यानं स्वतःचा कोर्स आखायचं ठरवलं, तेव्हा साथीदार निवडला तो ॲलिस्टर मॅकेन्झी. हा मूळचा डॉक्टर. बोअर युद्धात बोअर सैनिक जमिनीच्या उंचसखलपणाचा आधार घेऊन कसे लपतात हे त्यानं पाहिलं होतं, आणि ओल्ड कोर्सचा बारकाईनं केलेला नकाशाही त्याच्याच हातचा.

या दोघांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जो ऑगस्टा घडवला, त्यात बंकर होते अवघे 22 आणि रफ जवळपास नव्हतंच. फेअरवे ऐसपैस. सामान्य खेळाडूनं चेंडू न हरवता आनंदानं फेरी पूर्ण करावी आणि जिंकायला आलेल्यानं मात्र प्रत्येक फटक्याला डोकं चालवावं, अशी ती रचना. ग्रीनचे उतार असे की झेंडा डावीकडे असेल तर फेअरवेची एक बाजू हवी, उजवीकडे असेल तर दुसरी. तेरावा होल हा त्याचा उत्तम नमुना. वाट डावीकडे वळते आणि वळणाच्या आतल्या अंगानं ओढा वाहतो. ओढ्याच्या जवळ चेंडू टाकायचं धाडस केलं तर दोन फटक्यांत ग्रीन गाठायची संधी. दूर, उजवीकडे राहिलात तर पाय उतारावर आणि अंतर वाढलेलं. 2010 मध्ये फिल मिकल्सननं तिथे उजवीकडच्या पाइनच्या दोन झाडांमधून 6 नंबरच्या आयर्ननं चेंडू थेट ग्रीनवर आणला. तो फटका लोकांना पाठ आहे. माझ्या मते त्याचं निम्मं श्रेय त्या जागेचं आहे, कारण असा मोह पाडणारी जागाच नसती तर तो फटकाही नसता. मॅकेन्झी जानेवारी 1934 मध्ये गेला. पहिली स्पर्धा त्यानंतर दोन महिन्यांनी झाली.

पुढे काय झालं? 1997 मध्ये वूड्सनं बारा फटक्यांच्या फरकानं मास्टर्स जिंकली आणि क्लबनं कोर्स लांबवायला घेतला. तेव्हा 7,000 यार्डांच्या आत असलेला ऑगस्टा आज 7,500 च्या वर आहे. नवी झाडं लावली, फेअरवेच्या कडेचं गवत वाढू दिलं. तेराव्या होलची टी 2023 मध्ये 35 यार्ड मागे नेली. चेंडू आणि क्लब इतके पल्लेदार झाल्यावर क्लबची अडचण मला समजते. पण झाडं लावून वाट अरुंद करणं मला पटत नाही. त्यानं निवड कमी होते, आणि निवड हाच या कोर्सचा प्राण होता.

अरुंद वाट आणि चुकीला कडक शिक्षा ही पूर्णपणे वेगळी परंपरा आहे. पिट्सबर्गजवळचा ओकमॉन्ट तिचा सर्वांत प्रामाणिक प्रतिनिधी. 1904 मध्ये सुरू झालेला हा कोर्स पोलाद उद्योगातल्या हेन्री फाउन्सनं आखला, आणि वाकडा फटका मारणाऱ्याला सुखानं सुटू द्यायचं नाही हा त्या घराण्याचा बाणा. तिसऱ्या-चौथ्या होलमधल्या अजस्र बंकरमध्ये गवताचे बांध ओळीनं उभे आहेत. ओकमॉन्टबद्दल मला आदर आहे, त्याच्या ग्रीनबद्दल तर विशेष. पण तिथे खेळाडूला उत्तर एकच द्यायचं असतं, सरळ मारा. सॉग्रासच्या सतराव्या होलवरचा बेटासारखा ग्रीन हे त्याचं टोक: 137 यार्ड, भोवती पाणी, चेंडू ग्रीनवर किंवा तळ्यात. टीव्हीला तो फार मानवतो. पण तिथे विचार करायला जागा नाही.

मार्ग कुठे आहे, ते पाइनहर्स्ट नंबर दोननं दाखवलं. हा डोनल्ड रॉसचा कोर्स. रॉस डॉर्नॉकचा, ओल्ड टॉम मॉरिसच्या हाताखाली शिकलेला, म्हणजे त्याच किनाऱ्याचा वारसदार. त्याच्या कोर्सवरही काळाच्या ओघात कडेपर्यंत हिरवं गवत पसरवलं गेलं होतं. 2010 नंतर बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी सुमारे 35 एकरांवरचं गवत काढून टाकलं, मूळची वाळू आणि रानगवत परत आणलं, पाण्याचे फवारे निम्म्याहून कमी केले. 2014 ची यूएस ओपन तिथे झाली तेव्हा कोर्स तपकिरी दिसतो म्हणून नाकं मुरडली गेली. खेळ मात्र अव्वल झाला.

हे आपल्यालाही लागू आहे. मे महिन्यात ज्या राज्यात गावोगाव टँकर फिरतात, तिथे कोर्स बांधणाऱ्यांनी ऑगस्टाचा हिरवा रंग समोर ठेवू नये. ग्रीन आणि टी सांभाळा, बाकीची जमीन उन्हाळ्यात पिवळी पडू द्या. वाळलेल्या जमिनीवर चेंडू जास्त धावतो आणि उतारांना अर्थ येतो. सेंट अँड्र्यूजमधली आणखी एक गोष्टही घेण्यासारखी आहे. ओल्ड कोर्स खासगी क्लबचा नाही, तो सार्वजनिक विश्वस्त संस्था चालवते. बाहेरच्या माणसालाही सोडतीत नाव घालून तिथे खेळता येतं, आणि रविवारी सहसा खेळ बंद ठेवून ती जागा फिरायला येणाऱ्यांसाठी मोकळी असते.

2027 ची ओपन ओल्ड कोर्सवर व्हायची आहे. ती बघाल तेव्हा फटका किती लांब गेला याकडे थोडं दुर्लक्ष करा. आधी झेंडा ग्रीनच्या कोणत्या अंगाला आहे ते पाहा, मग खेळाडूनं टीवरून कोणती बाजू धरली ते. कोर्स चांगला का आहे, ते तुम्हाला समालोचकाशिवाय कळेल.