मगे धरलंस कित्याक?

माझा एक फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. निळंशार पाणी, मागे हिरवंगार बेट आणि माझ्या दोन्ही हातांत आडवा धरलेला रुपेरी, थोराड डोक्याचा मासा. माझी सगळी बत्तिशी दिसतेय. घरच्या ग्रुपवर त्याचं इतकं कौतुक झालं की बोलायची सोय नाही. भाच्याने तो मोठा करून, फ्रेम करून मला वाढदिवसाला दिला. ती फ्रेम तेव्हापासून कपाटाच्या मागे आहे. बायकोने दोनदा विचारलं, मी दोनदा टाळलं. आज सांगून टाकतो.

तर मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं गाव देवगडकडचं. बाबा शाळामास्तर, पण भरतीची वेळ त्यांना शाळेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ. रविवारी खाडीच्या तोंडाशी, खडपावर बसून गरी टाकायचे. गरी म्हणजे आपला साधा गळ. ना रॉड ना रीळ, तंगूस बोटाला गुंडाळलेला आणि आमिषाला कोलंबी. कधी तांबोसा, कधी गोबरा, बहुतेक वेळा शेंगाळा आणि बऱ्याचदा काहीच नाही. जे मिळेल ते आई रांधायची. बोटाएवढं पिल्लू आलं तर बाबा ते परत पाण्यात टाकायचे, पण त्याचा गाजावाजा नव्हता. 'मोठो झालो की येयत परत,' एवढंच.

त्यानंतर मी शिकायला पुण्यात आलो आणि तिथलाच झालो. गरी सुटली. पंचेचाळीशीत भाच्याच्या नादाने पुन्हा हातात आली, पण या वेळी तिच्याबरोबर रॉड, रीळ आणि बरंच काही आलं. या मंडळींचं दैवत एकच, 'जीटी', म्हणजे जायंट ट्रेव्हॅली. शास्त्रीय नाव कॅरँक्स इग्नोबिलिस. गोव्याच्या बाजारात कोकर म्हणून जो मासा येतो त्याच्याच गोतावळ्यातला हा दांडगा दादा. लाल समुद्र आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट हवाईपर्यंतच्या उष्ण समुद्रात, प्रवाळांच्या कडेकडेने फिरतो. गळाने धरलेल्या जीटीचा जागतिक विक्रम ७२.८ किलोचा आहे, २००६ साली जपानच्या तोकारा बेटांजवळचा. २०१७ च्या 'ब्लू प्लॅनेट टू' मालिकेत सेशेल्समधले जीटी उडत्या पक्ष्यांना पाण्याबाहेर झेप घेऊन पकडताना दाखवलेत. बघितलं नसेल तर जरूर बघा. हवाईत याला 'उलुआ' म्हणतात. जुन्या काळी तिथे हा मानाचा मासा, इतका की बायकांना तो खायला बंदी होती. ही बंदी १८१९ मध्ये उठली. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, 'आणि रांधूचो कोणी?' असो, विषयांतर झालं.

आम्ही गेलो २०२५ च्या फेब्रुवारीत, अंदमानला. आपली मराठी माणसं तिथे जातात ती सेल्युलर जेल बघायला. आम्हीही पहिल्या दिवशी गेलो, सावरकरांच्या कोठडीपुढे उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी पहाटे बोटीत. तिथे घड्याळ आपलं पण सूर्य पूर्वेचा, संध्याकाळी साडेपाचला मावळून मोकळा, त्यामुळे सगळी कामं पहाटेच. आमचा बोटवाला रांचीवाला. छोटा नागपूरमधून इंग्रजांच्या काळात मजुरीसाठी नेलेल्यांच्या वंशजांना तिथे अजूनही रांचीवालेच म्हणतात. माणूस अबोल. पाण्याचा रंग बघून बोट उभी करायचा. वंडूरजवळच्या सागरी राष्ट्रीय उद्यानाची हद्द त्याला तोंडपाठ, कारण तिच्या आत मासेमारी बंद.

या मासेमारीत बसून राहणं नाही. पॉपर नावाचा लाकडाचा किंवा प्लास्टिकचा, तोंडाशी वाटीसारखा खोलगट, वीतभर खोटा मासा प्रवाळाच्या कडेवर लांब फेकायचा आणि झटके देत ओढायचा. वाटीमुळे 'भुडुक' असा आवाज होतो, पाणी उसळतं, खालच्याला वाटतं वर कोणीतरी घाबरून पळतंय. दिवसात शे-दोनशे वेळा हेच. खांदे निघून हातात येतात. आणि मग कधीतरी त्या आवाजाच्या जागी पाण्यात अक्षरशः खड्डा पडतो.

माझा खड्डा दुसऱ्या दिवशी सकाळी पडला. जीटी लागला की सरळ खाली, प्रवाळाच्या कपारीकडे धाव घेतो. दोरी खडकाला घासली की संपलं. म्हणून सगळं जाडजूड लागतं. मी मात्र हौसेने जरा हलका रॉड घेतला होता, 'मजा जास्त येते' असं कुणीतरी सांगितलं म्हणून. नशिबाने बोट खोल पाण्याकडे वाहत होती, म्हणून दोरी वाचली. पाच मिनिटांचं काम पंधरा मिनिटं चाललं. मासा बोटीशी आला तेव्हा तो एका कुशीवर झाला होता आणि माझे गुडघे थरथरत होते.

मग आमचा सोहळा. मासा बोटीत घेतला. पॉपरला दोन ठिकाणी तीन-तीन आकड्यांचे गळ, त्यातला एक गालात, दुसरा कल्ल्याच्या कडेला. ते काढण्यात वेळ गेला. मग टेप लावली, १०८ सेंटिमीटर. मग फोटो. पहिल्यात माझे डोळे मिटलेले. दुसऱ्यात टोपीची सावली. भाचा म्हणाला, 'मामा, अजून एक, जरा पुढे धर.' पुढे धरला की मासा मोठा दिसतो. मी धरला. बोटवाला तेवढ्यात पहिल्यांदाच स्वतःहून बोलला, 'साब, खाना नहीं है तो जल्दी छोड़ो.' मी 'हां हां' म्हणत अजून एक काढून घेतला. तुम्ही पाहिलात तो हाच.

सोडताना शेपटी धरून, प्रवाहाकडे तोंड करून ठेवला. बराच वेळ तो नुसता कल्ले हलवत राहिला. मग एकदा शेपटी हिसडली आणि गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पाणी आरपार स्वच्छ, त्यामुळे तो खाली जाताना दिसत होता, तिरका तिरका, एखाद्या दमलेल्या माणसासारखा. तेवढ्यात कडेच्या निळ्यातून दोन सावल्या आल्या. शार्क. पुढचं काही सेकंदांत उरकलं. भाच्याच्या हातातला फोन चालूच होता. ते चित्रण त्याने पुसून टाकलं, आणि त्यावर आम्ही दोघं आजवर एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही.

संध्याकाळी बोटवाल्याने त्याने स्वतः धरलेल्या दोन छोट्या गोबऱ्यांचं कालवण केलं. आम्ही ते बोटं चाटून खाल्लं. मी आईला फोन लावला. ऐंशी पार केलेली आई, खुशीत होती. 'केवढो हा!' म्हणाली. मग म्हणाली, 'कसो केलंस?' म्हटलं, खाल्ला नाही आई, सोडला. जिवंत. पलीकडे थोडी शांतता, आणि मग, 'सोडलंस? मगे धरलंस कित्याक?'

मी तिला ठरलेलं उत्तर दिलं, निसर्ग, संवर्धन, खेळ वगैरे. शार्कचं सांगितलं नाही.

या प्रश्नाने मला नंतर झोपू दिलं नाही. आईला अडाणी समजायची सोय नाही, कारण स्वित्झर्लंडच्या सरकारला हाच प्रश्न पडला होता. तिथे २००८ सालच्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार, सोडून देण्याच्याच इराद्याने मासे धरायला बंदी आहे. जर्मनीतही प्राण्याला त्रास द्यायचा तर काहीतरी सयुक्तिक कारण लागतं, आणि 'मजा' हे कारण सहसा धरत नाहीत. खायचा असेल तर धरा. म्हणजे माझी आई आणि स्विस सरकार यांचं एकमत. माशाला दुखतं का, यावर वाद आहेत. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे चेतातंतू असल्याचं दाखवलं, तेव्हापासून तो वाद थांबलेला नाही. पण आमच्या माशाची ती कूस बघितल्यावर मला वादात फारसा रस उरला नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. जीटी साधारण ६० सेंटिमीटरचा झाल्यावर अंडी घालायच्या वयात येतो, त्याला तीनेक वर्षं लागतात. १०८ सेंटिमीटरचा मासा म्हणजे प्रवाळातला जुना जाणता. २००४ च्या डिसेंबरातल्या भूकंपाने उत्तर अंदमानात प्रवाळच्या प्रवाळ पाण्याबाहेर उचलले गेले आणि मेले. २०१० आणि २०१६ मध्ये तापलेल्या पाण्याने ते पांढरे पडले. अशा ठिकाणी प्रत्येक हौशी माणसाने आपला मासा खायचा ठरवला तर काय उरेल? पोटासाठी धरणाऱ्याला हा हिशोब सांगायचा अधिकार मला नाही, पण विमानाने येणाऱ्या हौशी पाहुण्याला नक्की लागू आहे. म्हणून सोडणं चूक, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की 'सोडला' म्हणजे 'वाचवला' नव्हे. आपण त्याच्यावर उपकार करत नाही. आपणच ढकलायचं आणि आपणच हात द्यायचा, वर त्या हात देण्याचा फोटो काढायचा, हे जरा अतीच होतं.

आता मी काही गोष्टी ठरवल्यात. एक, जाड सामान. मजा कमी झाली तरी चालेल, मासा लवकर आला पाहिजे. दमून अर्धमेला झालेला मासा सोडणं म्हणजे शार्कला ताट वाढणं. दोन, तीन आकड्यांचा गळ बंद. एकच आकडा आणि त्याचाही काटा चेपलेला, म्हणजे चटकन निघतो. दोन-चार मासे त्यामुळे सुटतील, सुटू देत. तीन, शार्क दिसला की ती जागा सोडायची. चार, आणि हे सगळ्यात अवघड, मासा पाण्याबाहेर काढायचा नाही. गळ पाण्यातच काढायचा, फोटो हवाच तर पाण्यातलाच. पाच, दिवसाला दोन मासे झाले की रॉड खाली.

'मग मोजमाप, विक्रम वगैरे?' असं भाच्याने विचारलं. वजनाच्या विक्रमासाठी मासा जमिनीवर आणून तोलावा लागतो, म्हणजे मोठा मासा बहुधा मरतोच. पण विक्रम नोंदवणाऱ्या आयजीएफए या संस्थेनेही २०११ पासून लांबीचे वेगळे विक्रम सुरू केलेत, ज्यात मासा जिवंत सोडावाच लागतो. त्यांचे नियम बदलू शकतात तर आपली हौस का नाही?

कुणी म्हणेल हे सगळं बाहेरून आलेलं फॅड आहे. मला नाही वाटत. पावसाळाभर होडी किनाऱ्यावर ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय ती लोटायची नाही, हे आमच्याकडे कोणत्याही संस्थेने शिकवलं नव्हतं. 'मोठो झालो की येयत परत' म्हणणारे बाबा कुठला लेख वाचून आले नव्हते. बाबा मासा सोडायचे तेव्हा बघायला कोणी नसायचं. आमची दृष्टी मात्र सतत त्या फोनकडे.

गणपतीला गावी गेलो तेव्हा आईला शार्कचं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती शेवग्याचा पाला निवडत होती. म्हणाली, 'शार्काक तरी जेवण झाला.' मग थोड्या वेळाने, पाल्यातून मान वर न करता, 'पण आता जातलंस परत?'

जाणार आहे. खोटं कशाला सांगू? तो खड्डा पडतानाचा क्षण माझ्या डोक्यातून गेलेला नाही आणि तिच्या प्रश्नाचं उत्तरही मला अजून सापडलेलं नाही. तिला तसं सांगितलं. तिने पाला पाटीत टाकला आणि म्हणाली, 'जा. पण एक तरी खावचो आण. ल्हानसो.'

भाच्या, तू हे वाचत असशीलच. फ्रेम परत देतो. रागावू नकोस. आणि आपण त्या दिवसाबद्दल एकदा बोलू.