504 गोळ्यांचा हिशेब

टीबीच्या औषधखरेदीची फाईल ज्यांच्या टेबलावर आहे, त्या माननीयांस,

तुमच्या कचेरीत दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. उत्तर एकाचंही नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते.

सप्टेंबर 2023 मध्ये औषधटंचाईच्या बातम्या आल्या, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्या दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. सहा महिने आणि त्याहून जास्त पुरेल एवढा साठा आहे, असं सांगितलं. 18 मार्च 2024 ला त्याच मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की पुरवठ्याला उशीर होतोय, तीन महिन्यांची औषधं तुमची तुम्ही खरेदी करा. तेही जमलं नाही तर रुग्णाने विकत घ्यावीत, पैसे नंतर देऊ. सप्टेंबर ते मार्च, सहाच महिने. हिशेब चोख निघाला, अभिनंदन.

आता आमचा हिशेब बघा. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. आधी चार औषधांच्या एकत्रित गोळीचे 56 डोस, मग तीन औषधांच्या गोळीचे 112. एकूण 168. आमच्या यंत्रमागाच्या वस्तीतल्या एका बाईचं वजन 42 किलो, म्हणजे रोज तीन गोळ्या, म्हणजे 504. यातली एकही चुकवायची नाही, हे तिच्या दारात उभं राहून मीच तिला बजावत आले. मार्चअखेर तिच्या हातात महिन्याच्या गोळ्यांऐवजी कात्रीने कापलेली पट्टी पडली, चार दिवसांची. पाचव्या दिवशी मजुरी बुडवून गेली तर ‘वरून आलं नाही’. बाहेरून घ्यावं म्हटलं, तर बाजारपेठेतल्या औषधवाल्यांनी हात वर केले. नंतर मला म्हणाली, ‘‘ताई, लघवीचा केशरी रंग गेला. औषध उतरलं का हो अंगातून?’’ गोळीतल्या रिफाम्पिसिनची ती खूण तिला कळते. खरेदी समितीला कळते का?

अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतो, ही माहितीपत्रकं तुम्हीच छापता. कुठल्याच औषधाला दाद न देणारा टीबी मुंबईतल्या डॉक्टरांनी दाखवला आणि 2012 च्या जानेवारीत तो गाजला, तेव्हा दिल्लीने आधी त्याच्या नावालाच हरकत घेतली होती. असो.

सलग महिनाभर औषध बंद राहिलं, की रुग्णाच्या नावापुढे ‘उपचार सोडला’ असा शेरा पडतो. सरकारने औषध सोडलं तर शेरा कुठल्या रकान्यात मारायचा? आमच्या रजिस्टरात तो रकाना मला तरी सापडला नाही. रुग्णाला बेजबाबदार ठरवायला मात्र एक सही पुरते.

24 मार्चला, जागतिक क्षयरोग दिनाला, आमच्याकडे फेरी निघाली. टोप्या, फलक, फुगे सगळं वेळेवर पोचलं होतं. 2025 पर्यंत टीबी हद्दपार करायचा, ही 2018 मधली घोषणाही जोरात झाली. 2025 म्हणजे पुढचं वर्ष, साहेब!

मला ‘आवश्यक कार्यवाही सुरू आहे’ असं पत्र नको. या गोळ्यांची निविदा कधी निघाली, पुरवठ्याचा आदेश कधी दिला आणि माल जिल्ह्याच्या गोदामात कधी पोचला, या तारखा जाहीर करा. प्रत्येक केंद्राच्या दारावर किती दिवसांचा साठा उरलाय ते दर सोमवारी लिहा. आणि या टंचाईत ज्यांचे डोस चुकले, त्यांची थुंकी तुमच्या खर्चाने पुन्हा तपासून घ्या, औषधाला दाद देणारा जंतू आहे की नाही, यासाठी. त्या बाईची तपासणी आधी करा.

आपली,
एक उपचार सहायक
एप्रिल 2024