रिकामी खुर्ची, भरलेली खुर्ची

निवडणुकीस उभे राहण्याची गळ घालावयास जे लोक येतात त्यांनी, निदान उपचार म्हणून तरी, समोरच्या माणसाच्या अंगच्या एखाद्या गुणाचा उल्लेख करावा, अशी माझी माफक अपेक्षा असते. परंतु आमच्या कॉलनीच्या रहवासी समितीचे अध्यक्षपद मी स्वीकारावे म्हणून या आठवड्यात जे शिष्टमंडळ चहाची वेळ अचूक साधून आमच्याकडे आले, त्याने माझ्या बाजूने जी कारणे मांडली ती अशी की, एक तर मला दिवसभर काही उद्योग नसतो. दुसरे, माझे घर कोपऱ्यावर असल्यामुळे कचऱ्याची गाडी, पाण्याचा टँकर आणि विजेचा खांब या तिहींवर खिडकीतून सहज नजर राहते. आणि तिसरे, मी वर्तमानपत्रात लिहीत असल्यामुळे पार्षद, म्हणजे नगरसेवक, मला थोडाफार वचकून असेल. हे तिसरे कारण ऐकून आमच्या मंडळी आत गेल्या, आणि भांड्यांच्या आवाजात मिसळून आतून जो आवाज आला तो या सदराच्या जुन्या वाचकांना अपरिचित नाही.

शिष्टमंडळातील सर्वांत तरुण सभासद, जे नुकतेच सेवानिवृत्त झाले आहेत, जाता जाता असेही म्हणाले की समिती ही केवळ पहिली पायरी, पुढे वॉर्ड आहेच. तेव्हा वॉर्डाची हकीकत थोडक्यात उरकतो. भोपाळ नगर निगमात 85 वॉर्ड आहेत. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. महापौर थेट मतदारांकडून निवडला जातो. मागील निवडणूक जुलै 2022 मध्ये झाली व तीत मालती राय महापौर झाल्या. तत्पूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ परिषदेची मुदत सरून कारभार प्रशासकाकडे होता, आणि खरे सांगायचे तर या अवधीत आपल्याला पार्षदच नाही ही गोष्ट आमच्या गल्लीतील अनेकांच्या ध्यानातही आली नव्हती. चालू मुदत 2027 साली संपते. उमेदवाराच्या वयाची 21 वर्षे पूर्ण असावीत ही अट मी फार पूर्वीच पुरी केलेली आहे. मात्र दहा लाखांवर वस्तीच्या शहरात पार्षदपदाच्या उमेदवाराला 8 लाख 75 हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची जी मुभा आहे, ती ऐकून शिष्टमंडळातील ज्या गृहस्थांकडे समितीची मासिक वर्गणी गेल्या दिवाळीपासून थकलेली आहे, ते सर्वांत आधी उठले.

समितीची गोष्ट मात्र वॉर्डाहून पुष्कळ गुंतागुंतीची आहे. मध्य प्रदेशच्या 1973 च्या सोसायटी अधिनियमाखाली ती रीतसर नोंदलेली आहे. तिला घटना आहे, शिक्का आहे, लोखंडी कपाट आहे, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे यावर दर दोन वर्षांनी होणारा एक वादही आहे. अध्यक्ष होण्याची इच्छा कोणालाच नसते आणि अध्यक्ष असावा ही इच्छा सर्वांना असते. कारण पाणी आले नाही, कुत्रे भुंकले, उद्यानात कोणी मोटार धुतली, तर रात्री दहा वाजता ज्याला फोन करून त्याच्या कर्तव्याची जाणीव करून देता येईल असा एक तरी इसम वस्तीत असणे हे नागरी जीवनाचे मूलभूत सुख आहे, आणि त्या सुखासाठी माणसे दरमहा वर्गणी द्यावयासही, निदान तत्त्वतः, तयार असतात.

मावळते अध्यक्ष वल्लभ भवनातून, म्हणजे राज्याच्या मंत्रालयातून, निवृत्त झालेले आमचे एक मराठी शेजारी आहेत. त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करण्याचा मला अधिकार नाही, परंतु त्यांच्यासारखा अर्ज लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, एवढे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भोपाळातील मराठी माणूस आणि अर्ज यांचे नाते समजून घ्यायचे तर 1956 पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला नवे मध्य प्रदेश राज्य निर्माण झाले, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले, नागपूरची राजधानी मोडली आणि भोपाळची मांडली गेली. तेव्हा नागपूरहून, ग्वाल्हेरहून, इंदूरहून जी सरकारी कुटुंबे बिऱ्हाडबाजलासह या तळ्यांच्या गावी येऊन थडकली, त्यांत मराठी कुटुंबे बरीच होती, आणि त्यांनी सोबत जी संपत्ती आणली तीत देवघर, पुस्तकांची पेटी आणि टिप्पणी लिहिण्याची विद्या या तीन वस्तू मुख्य होत्या. तात्या टोपे नगर वसले, ओळीने सरकारी क्वार्टर उभे राहिले, आणि वस्त्यांना नावे ठेवण्याची उसंत कोणाला नसल्यामुळे की काय, 45 बंगले, 74 बंगले, 1100 क्वार्टर अशी मोजदाद हीच त्यांची नावे होऊन बसली. बसथांब्यांच्या क्रमांकांचेही तसेच झाले, इतके की आजही सहा नंबरवर राहणारी व्यक्ती दहा नंबरच्या बाजारात भाजी आणावयास जाते आणि प्रकृती बिघडली तर 1250 च्या दवाखान्यात दाखल होते, व यात कोणाला काही चमत्कारिक वाटत नाही. ज्या शहराचा पत्ताच जावक नोंदवहीतील नोंदीसारखा वाचला जातो, तेथील रहिवाशांनी आपली सुखदुःखे अर्जरूपाने मांडावीत यात नवल ते काय?

तर आमचे हे अध्यक्ष. कोपऱ्यावरचा दिवा बंद पडला असता दुसरा कोणी वायरमनला हाक मारील. हे प्रथम विषय लिहितात, मग संदर्भ लिहितात, मग पूर्वपीठिका सांगतात, मग अंधारामुळे ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थिनी व गोवंश यांना होणाऱ्या त्रासाचे तीन स्वतंत्र परिच्छेद करतात, आणि ‘सबब विनंती की’ येथवर आल्यावरच त्यांची लेखणी खऱ्या अर्थाने मोकळी होते. अर्जाच्या तळाशी प्रतिलिपी कोणाकोणास पाठविल्या त्याची यादी असते. ती वाचताना आपण एखाद्या साम्राज्याची प्रशासनव्यवस्था वाचीत आहोत असा भास होतो. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, तिथे ते रांगेत पहिले असतात. सीएम हेल्पलाइनच्या 181 या क्रमांकावर नोंदवलेली तक्रार मुदतीत निकालात न निघाल्यास एल-1 अधिकाऱ्याकडून एल-2 कडे, तिथून एल-3 कडे आणि अखेरीस एल-4 कडे चढत जाते, ही व्यवस्था त्यांना जवळजवळ आध्यात्मिक समाधान देते. एखाद्या दिव्याची तक्रार तिसऱ्या पातळीवर पोहोचली की ते संध्याकाळी फिरावयास येताना जे स्मित करतात ते दिवा लागल्यावरही करीत नाहीत. दिवा लागला की फाइल बंद करावी लागते, आणि फाइल बंद करणे हे त्यांच्या स्वभावात नाही.

तो दिवा अखेर लागला. कसा लागला हे अध्यक्षांच्या अहवालात नाही, म्हणून इथे नमूद करून ठेवतो. आमच्या मागच्या गल्लीत एक काकू राहतात; बैतूल जिल्ह्यातल्या, मुलताईकडच्या; घरी पोळ्या लाटून नोकरदारांना डबे देतात; त्यांची मराठी पुण्याच्या मनुष्याला निम्मी कळेल आणि त्यांची हिंदी त्याला बिलकुल कळणार नाही. पाण्याचा वॉल्व उघडणारा माणूस, कचरागाडीवरचा मुलगा, खांबावर चढणारा वायरमन, या सर्वांची घरची परिस्थिती काकूंना ठाऊक असते. एका सकाळी त्यांनी त्या वायरमनला चाळणीभर पोळ्यांच्या साक्षीने एवढेच विचारले, ‘काय रे बाबा, तुह्या पोरीची परीक्षा झाली का, अन् तो दिवा कवा लावतं?’ दुपारी दिवा लागला. अर्ज त्या वेळी तिसऱ्या पातळीवर होता आणि पुढेही काही काळ तिथेच राहिला.

यावरून मी अर्ज-अर्जदारांची थट्टा करतो आहे असे कोणी समजू नये. काकूंच्या पोळ्यांनी एक दिवा लागतो. सबंध रस्त्याचे दिवे कोणत्या निधीतून लागावेत आणि आमच्या रस्त्याचे आधी की पलीकडच्या झोपडवस्तीचे आधी, याचा निकाल पोळ्यांनी होत नाही. त्याला सभागृह लागते, अंदाजपत्रक लागते, आणि त्या सभागृहात नको तिथे ‘नाही’ म्हणणारा एखादा माणूस लागतो. जोतीराव फुले 1876 पासून 1882 पर्यंत पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद होते, तेही सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्चाची सूचना आली तेव्हा सगळ्या नेमलेल्या सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरुद्ध मत दिले. हे पैसे गरिबांच्या शिक्षणास लावा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडईची मोठी इमारत बांधण्यासही त्यांचा विरोध होता, कारण तोच, शिक्षणाचा. इमारत अर्थात झाली, 1886 साली रे मार्केट म्हणून उघडली, आणि पुढे पुणे नगरपालिकेत आचार्य अत्रे शिरले तेव्हा त्यांच्या खटपटीने तिला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. नागरी संस्थांच्या इतिहासात विरोधी मताचा इतका टोलेजंग, मनोऱ्यासहित सत्कार दुसरा झालेला नसेल!

आमच्या भोपाळातही 1907 साली, सुलतानजहाँ बेगमसाहेबांच्या अमदानीत, मजलिस-ए-इंतजामिया नावाची संस्था शहराच्या व्यवस्थेसाठी स्थापन झाली होती. ती रियासतीच्या छायेतली. आपल्या आजच्या निगमाच्या वंशावळीत मूळपुरुषाचा मान तिचा. तिच्या सभासदांना दारोदार जाऊन हात जोडावे लागत नव्हते हे त्यांचे भाग्य खरे. आज ते जोडावे लागतात, आणि आमच्या मराठी माणसांनी नेमके इथेच अंग काढून घेतलेले आहे. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीची निवडणूक असली म्हणजे सख्खे साडू एकमेकांविरुद्ध उभे राहतात, गणेशोत्सवातील नाटकाचे दिग्दर्शन कोणी करावे यावरून तीस वर्षांची मैत्री तुटते, कोजागरीच्या दुधात साखर कमी पडली तर वार्षिक सभेत खुलासा मागितला जातो. परंतु वॉर्डाचे नाव काढले की ‘तो आपला प्रांत नव्हे’ म्हणून हेच रणधुरंधर चष्मा पुसू लागतात. इंदूरला असे झाले नाही. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्राताई महाजन लग्नानंतर इंदूरकर झाल्या, 1982 साली तेथील निगमात नगरसेविका आणि 1984 मध्ये उपमहापौर झाल्या. लगोलग विधानसभेची निवडणूक हरल्या, आणि 1989 साली प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्यांना हरवून लोकसभेत गेल्या त्या आठ वेळा जातच राहिल्या व अखेर सभापतीच्या आसनावर बसल्या. त्या आसनावरून 2014 पासून 2019 पर्यंत ज्या स्वरात त्यांनी खासदारांना ‘बसा’ म्हणून सांगितले, तो स्वर दिल्लीत शिकता येत नाही. नळावरच्या भांडणात मध्यस्थी केलेल्या बाईलाच तो साधतो, असे माझे ठाम मत आहे. इंदूर स्वच्छतेत पहिले आणि भोपाळ दुसरे, असे 2017 व 2018 साली लागोपाठ झाले त्याचे शल्य येथे अद्याप ताजे आहे; त्यात मी ही आणखी एक डागणी देऊन ठेवतो.

शिष्टमंडळाला मी नकार दिला हे सांगावयाचे राहिलेच. नकार देताना मी त्यांना आमच्याच राज्यातील एका सुंदर कायद्याची आठवण करून दिली. थेट निवडून आलेल्या महापौरास किंवा नगराध्यक्षास मुदतीपूर्वी परत बोलावण्याची सोय मध्य प्रदेशात आहे. मतपत्रिकेवर दोनच चित्रे असतात, एक रिकामी खुर्ची आणि एक भरलेली, म्हणून लोक त्या निवडणुकीला ‘खाली कुर्सी–भरी कुर्सी’ म्हणतात. 2001 साली अनूपपूरच्या नगरपालिकाध्यक्षांना मतदारांनी असेच घरी पाठविले; रिकामी खुर्ची विजयी झाली. मी म्हटले, आपल्या समितीत हीच पद्धत सुरुवातीपासून अवलंबावी. आपल्याकडे रिकामी खुर्ची बिनविरोध येईल, रात्री दहाचे फोन तिला करावेत, तिची प्रकृती बिघडण्याची भीती नाही. शिष्टमंडळाला हा विनोद आवडला नाही. एक गृहस्थ दारातून मागे वळून म्हणाले, ‘भाऊसाब, लिखना आसान है.’ यावर मजजवळ उत्तर नव्हते, आणि आतूनही कोणी माझ्या मदतीस आले नाही.

कालच असे कळले की मुलताईच्या काकूंनी अध्यक्षपदासाठी नाव दिले आहे, आणि सूचक म्हणून सही केली आहे ती मावळत्या अध्यक्षांनी! अर्ज ते लिहितील, माणसे काकू बघतील, अशी काहीतरी तडजोड झालेली दिसते. आता विरोधी पक्ष म्हणून काही मंडळींचा आक्षेप असा आहे की काकू भाड्याच्या घरात राहतात, आणि घटनेच्या कुठल्याशा कलमात ‘भूखंडधारक’ असा शब्द आहे. कपाटाची किल्ली सापडल्यावर ते कलम पाहण्यात येईल. निवडीसाठी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता उद्यानात सर्वसाधारण सभा बोलाविली आहे. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरविण्यात येईल व तीस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही, असे सूचनेत छापलेलेच आहे. त्यामुळे जाणकार मंडळी साडेदहालाच येतात. मीही साडेदहाला जाणार आहे.