पहिल्या वर्षाचें गणित आणि पदकृत्य

बारावीला गणितांत उत्तम गुण मिळविलेला मुलगा कॉलेजच्या पहिल्या सहामाहींत त्याच विषयांत गडगडतो, आणि घरांतील वडील मंडळींना त्याचा कांहीं केल्या उलगडा होत नाहीं. कोणी म्हणतो संगत बिघडली, कोणी मोबाइलवर खापर फोडतो, कोणी पत्रिका काढून बसतो. आमच्या नवीन जालन्यांत अशीं घरें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. मुलगा तोच, बुद्धि तीच, मेहनतही कमी नाहीं; मग बिघडलें काय? माझें मत असें कीं, शाळेंतील गणित ही कृति असते व कॉलेजांतील गणित हें शास्त्र असतें. कृति सरावानें साधते. शास्त्राला लक्षण लागतें, आणि लक्षणाचा अभ्यास कसा करावा हें त्या मुलाला कोणीं सांगितलेलेंच नसतें.

प्रस्तुत लेखक मॅट्रिकच्या पुढें गेलेला नाहीं, हें या सदराच्या वाचकांस ठाऊक आहे. तर्कसंग्रह आणि लघुकौमुदी यांवर पोसलेल्या माणसानें कॉलेजच्या गणितावर लिहावें हा अव्यापारेषु व्यापार होय, असें कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाहीं. परंतु गेल्या श्रावणापासून शेजारच्या एका मोठ्या कुटुंबांतील मुलगी वही घेऊन मजकडे येऊं लागली, आणि मला त्यांत पडणें भाग झालें. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षांत ती आहे. वर्गांतल्या पहिल्याच चाचणींत तिला वीसांपैकीं चार गुण मिळाले. तिच्या आजोबांनीं मला विचारलें, "मास्तर, हिला गणित सोडून दुसरा विषय घ्यायला लावावें, असें घरांत सर्वांचें ठरत आलें आहे. आपलें काय मत?" मुलगी दाराआड उभी होती. तिला पुढें गणितांतच एम. एस्सी. करावयाचें आहे, हें मला मागाहून कळलें.

तिची वही मीं पाहिली. रोलचा सिद्धान्त तिला सिद्धतेसह मुखोद्गत होता, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. मीं म्हटलें, "बाळ, यांत तीन अटी दिसतात. मधली काढून टाकली तर काय बिघडेल?" ती गोंधळून म्हणाली, "गुरुजी, असें पेपरांत विचारत नाहींत." तिचा सारा रोग या एका वाक्यांत होता.

आमच्या न्यायशास्त्रांत विद्यार्थ्याला आरंभींच लक्षणाचे तीन दोष शिकवितात. शिंगें असलेला प्राणी म्हणजे गाय असें म्हटलें तर म्हैसही आंत येते, ही अतिव्याप्ति. कपिल वर्णाची ती गाय म्हटलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. एका खुराची ती गाय म्हटलें तर एकही गाय सांपडत नाहीं, हा असंभव. मग लक्षणांतील एकेक पद उचलून 'हें पद नसतें तर कोणता दोष आला असता' हें उदाहरण देऊन दाखवावयाचें. यालाच पदकृत्य म्हणतात. पाठशाळेंत आम्हीं महिनेच्या महिने यावर घालविले, आणि त्या वेळीं मला तें अत्यंत कंटाळवाणें वाटे. कॉलेजच्या गणिताला या पद्धतीइतकी चपखल दुसरी पद्धत नाहीं, असें आतां मी निःशंक म्हणतों.

रोलचाच सिद्धान्त घ्या. एखादें फलन, ज्याला मुलें फंक्शन म्हणतात, दोन टोकांसह संतत असेल; टोकांच्या आंत प्रत्येक बिंदूवर त्याच्या आलेखाला निश्चित चढ असेल; आणि दोन्ही टोकांना त्याची किंमत सारखी असेल; तर आंत कोठें तरी चढ शून्य होतो, म्हणजे स्पर्शिका आडवी पडते. आतां पहिलें पद काढा. शून्यापासून एकपर्यंत फलनाची किंमत त्या त्या संख्येइतकीच ठेवा, फक्त शेवटच्या एक या बिंदूवर ती एकाएकीं शून्य करा. टोकें सारखीं झालीं, आंत सर्वत्र चढ एक, आडवी स्पर्शिका कोठेंच नाहीं. दुसरें पद काढा. उणे एकपासून अधिक एकपर्यंत संख्येचें केवलमूल्य घ्या. दोन्ही टोकांना किंमत एक; डावीकडे चढ उणे एक, उजवीकडे अधिक एक, आणि मधल्या टोंकदार बिंदूवर चढ ठरतच नाहीं. पुनः सिद्धान्त कोसळला. तिसरें पद काढलें तर सरळ वर जाणारी रेघच पुरे.

याहून रसाची गोष्ट पुढें आहे. सांतत्य टोकांसह मागितलें आणि चढ मात्र आंतल्या बिंदूंवरच मागितला, हा भेद कां? मुलीला हा प्रश्न पडला नव्हता. तिला वाटे, छापणाऱ्याची लहर. मीं तिला अर्धवर्तुळ काढावयास सांगितलें. त्याच्या दोन्ही टोकांना स्पर्शिका उभी असते, तेथें चढाची किंमत सांगतां येत नाहीं. तरी शिखरावर स्पर्शिका आडवी आहेच. टोकांनाही चढ मागितला असता तर अट विनाकारण कडक होऊन बिचारें अर्धवर्तुळ बाहेर राहिलें असतें. याला आमच्याकडे गौरवदोष म्हणतात. हें समजल्यावर ती पोर जी हंसली, तें हंसणें पंतोजींनाच कळेल.

आणि पेपरांत असें विचारत नाहींत म्हणावें, तर मागील प्रश्नपत्रिका चाळतांना जागोजाग सांपडलें: अमुक फलनाला हा सिद्धान्त लागू पडतो काय, कारणासह लिहा. हें पदकृत्य नव्हे तर काय? सिद्धता पाठ केलेला विद्यार्थी येथें उभाच राहूं शकत नाहीं.

दुसरें अडखळण्याचें ठिकाण म्हणजे लिमिटची व्याख्या. एप्सिलॉन आणि डेल्टा या दोन ग्रीक अक्षरांनीं जितक्या मुलांना गणितांतून हांकून लावलें, तितक्या दुसऱ्या कशानें लावलें नसेल. वास्तविक हा पूर्वपक्षी आणि सिद्धान्ती यांचा वाद आहे. संख्येची दुप्पट करून एक मिळवा. संख्या तिनाजवळ जाईल तसतशी ही किंमत साताजवळ जाते, असा सिद्धान्तीचा पक्ष. पूर्वपक्षी म्हणतो, "किंमत सातापासून एक शतांशाहून दूर जातां कामा नये." सिद्धान्ती म्हणतो, "मग तूं तिनापासून एकाच्या दोनशेंव्या भागाच्या आंत रहा." तो सहस्रांश मागेल तर आपण दोन हजारांवा भाग सांगावा. प्रतिपक्षाची मागणी ती एप्सिलॉन, आपलें उत्तर तें डेल्टा, आणि येथें उत्तर नेहमीं मागणीच्या निम्मे. मागणी आधीं व उत्तर नंतर, हा क्रम हाच व्याख्येचा प्राण आहे. क्रम उलटा केला, म्हणजे प्रत्येक मागणीला पुरेल असें एकच उत्तर आधीं द्यावयाचें ठरविलें, तर तिनाच्या आसपास फलनाला सातावरून हलतांच येणार नाहीं. मुलें हा क्रम बदलून लिहितात आणि गुण कां गेले म्हणून विचारतात.

ही व्याख्या एका रात्रींत न समजल्यास विद्यार्थ्यानें स्वतःला मंद समजूं नये. लायब्निट्सनें कलनशास्त्रावरील आपला पहिला निबंध १६८४ सालीं छापला. लिमिटच्या पायावर त्या शास्त्राची मांडणी कोशीनें १८२१ सालीं केली. आणि आज शिकवितात तें काटेकोर रूप वायरश्ट्रासच्या व्याख्यानांतून त्यानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं आलें. खुद्द रोलनें आपला सिद्धान्त १६९१ सालीं केवळ बहुपदींपुरता दिला होता, आणि पुढें पॅरिसच्या अकादमींत या नव्या कलनशास्त्रावर त्यानेंच कडाडून हल्ला चढविला. आज कलनाच्या प्रत्येक पुस्तकांत त्याचें नांव असावें, हा दैवाचा विनोदच.

आपल्या मुलखालाही हा विषय परका नाहीं. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणींत ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला आहे, आणि फल परमावधीस पोंचतें तेथें गतिफल शून्य होतें, हें त्यांनीं जाणलें होतें. त्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं चाळिसगांवजवळ पाटण येथें मठ काढला, व त्याला दिलेल्या दानाचा १२०७ सालचा शिलालेख तेथें मिळाला. इंग्रजी अमदानींत बाळशास्त्री जांभेकरांनीं शून्यलब्धि या नांवानें हें शास्त्र मराठींत आणलें. आमचा मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत. येथला मुलगा १९१८ सालीं निघालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठांत गेला तर गणित उर्दूंतून शिके. मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालीं झालें. पण गणिताचीं पुस्तकें आज बहुधा इंग्रजींतच. तेव्हां माझा आग्रह असा कीं, व्याख्या आधीं आपल्या मराठींत, आजीला सांगावी तशी सांगावी, मग इंग्रजींत तोंडपाठ करावी.

होय, तोंडपाठ. पाठांतराला नांवें ठेवण्याची हल्लीं मोठी चाल पडली आहे, ती मला मान्य नाहीं. व्याख्या व सिद्धान्ताचें विधान हीं अक्षरशः पाठ असलींच पाहिजेत, कारण तेथें एक पद गाळलें कीं सारें जातें. सिद्धता व उदाहरणें मात्र मुळींच पाठ करूं नयेत. सिद्धतेची फक्त कळ लक्षांत ठेवावी, आणि पुस्तक मिटून ती कोऱ्या कागदावर उभी करावी. अडल्यास पुस्तक उघडून एकच ओळ पहावी व पुनः मिटावें. सोडविलेलें उदाहरण नुसतें वाचून 'समजलें' म्हणणें म्हणजे दुसऱ्याचें जेवण पाहून ढेंकर देणें. गाइडें आणि 'अपेक्षित प्रश्न' यांचा धंदा याच भ्रमावर चालतो. हा रोग आपल्याकडेच आहे असें नाहीं. रँग्लर परांजपे १८९९ सालीं ज्या केंब्रिजच्या परीक्षेंत अग्रस्थानीं आले, तेथेंही खासगी शिकवण्यांचें बंड इतकें माजलें होतें कीं, हार्डीसारख्या गणित्यांनीं ओरड केली, व १९०९ नंतर ती गुणानुक्रमाची यादीच बंद झाली.

शेवटच्या पंधरा दिवसांत नवें कांहीं हातीं घेऊं नये. जुनी प्रश्नपत्रिका घ्यावी, घड्याळ लावून पेपराइतकाच वेळ बसावें, आणि चुकलेल्या प्रश्नाचें मूळ कोणत्या व्याख्येंत आहे तें शोधावें. उत्तर लिहितांना आधीं अटी लिहून त्या तपासल्याचें दाखवावें. आदल्या रात्रीं जागूं नये; झोंपेनें पेंगणारा मनुष्य वजाबाकीचें चिन्हही विसरतो.

राहिला प्रश्न घराचा, आणि येथें मला वडील मंडळींशीं थोडें स्पष्ट बोललें पाहिजे. एकत्र कुटुंबांत मुलगा परीक्षेला बसला म्हणजे माडीवरची खोली त्याला मिळते, लहान पोरांना दटावून गप्प करतात, दूध वर पोंचतें. मुलगी त्याच परीक्षेला बसली तर तासांत चार वेळां हांक येते: पाहुण्यांना चहा कर, काकूंना भाजी निवडून दे, आत्याबाईंचा फोन घे. एप्सिलॉनचें सूत्र एकदां तुटलें कीं पुनः जुळवायला अर्धा तास जातो. शेजारच्या त्या मुलीचे चार गुण माझ्या मतें निम्मे पाठांतराचे आणि निम्मे या हांकांचे होते. हें मीं तिच्या आजोबांना तसेंच सांगितलें. ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनीं सूनबाईंना बोलावून संध्याकाळचे दोन तास देवघरामागची खोली तिला देण्यास सांगितलें, आणि विषय बदलण्याची गोष्ट सहामाहीच्या निकालापर्यंत तहकूब केली. आत्याबाई थोड्या रुसल्या, असें ऐकतों.

परवां ती लाग्रांजचा सिद्धान्त घेऊन आली. मीं कांहीं विचारण्यापूर्वींच म्हणाली, "गुरुजी, रोलची तिसरी अट येथें गाळली आहे, मग निष्कर्षांत काय बदललें तें आधीं मी सांगतें." आणि तिनें दोन टोकें जोडणारी रेघ काढून, तिला समांतर अशी स्पर्शिका दाखविली.

संकलनाविषयीं पुढील अंकीं.